घटक ४ : बूव्हे बेट – अक्षांश, बर्फ आणि महासागर

४.१ उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर दक्षिण अटलांटिक महासागरातील बूव्हे या निर्जन बेटाचे स्थान, घडण आणि हवामान आपणांस स्वतःच्या शब्दांत सांगता येईल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, एखादा प्रदेश ‘ध्रुवीय’ आहे असे आपण म्हणतो तेव्हा ते कोणत्या कसोटीवर म्हणतो, याचा विचार आपणांस करता येईल. नकाशाजवळ बसून हा घटक वाचावा. जगाचा साधा नकाशा पुरेल. मात्र पृथ्वीगोल हाताशी असल्यास अधिक बरे, कारण दक्षिण गोलार्धाच्या टोकाकडील अंतरे सपाट नकाशावर फार फसवी दिसतात.

४.२ प्रस्तावना

शालेय भूगोलात आपण पृथ्वीचे पट्टे शिकलो. कर्कवृत्त व मकरवृत्त यांच्या दरम्यान उष्ण कटिबंध, त्यापुढे समशीतोष्ण कटिबंध आणि साडेसहासष्ट अंशांच्या पलीकडे शीत कटिबंध. ही विभागणी सूर्यकिरणांच्या कोनावर आधारलेली आहे आणि पहिली ओळख म्हणून ती उपयुक्तच आहे. पण तिच्यावर विसंबून कोणी बूव्हे बेटाचे वर्णन करू लागला, तर तो पहिल्याच वाक्यात अडखळेल. हे बेट ५४° २५′ दक्षिण अक्षांशावर, म्हणजे शालेय व्याख्येनुसार समशीतोष्ण कटिबंधाच्या अगदी आत आहे. तेथे मध्यरात्रीचा सूर्य दिसत नाही आणि सहा महिन्यांची रात्रही होत नाही. जूनमधील सर्वांत लहान दिवससुद्धा सुमारे सात तासांचा असतो. असे असूनही या बेटाचा सुमारे ९३ टक्के भाग हिमनद्यांनी झाकलेला आहे, तेथे एकही झाड नाही, झुडूप नाही, गवताचे पातेही नाही. सूर्याच्या हिशेबाने समशीतोष्ण आणि डोळ्यांच्या साक्षीने ध्रुवीय, असा हा विरोध आहे. तो कसा निर्माण झाला, हाच या घटकाचा मुख्य प्रश्न होय.

४.३ स्थान : सापडलेले, हरवलेले, पुन्हा सापडलेले बेट

बूव्हे बेटाचे क्षेत्रफळ सुमारे ४९ चौरस किलोमीटर आहे. दक्षिण आफ्रिकेचा किनारा तेथून सुमारे २,५०० किलोमीटर दूर, तर दक्षिणेकडे अंटार्क्टिकाचा क्वीन मॉड लँड हा भाग सुमारे १,७०० किलोमीटर दूर आहे. उत्तरेकडील सर्वांत जवळचे बेट गफ, तेही साडेअठराशे किलोमीटरवर. पृथ्वीवरील सर्वांत एकाकी बेट असा त्याचा उल्लेख केला जातो, तो या अंतरांमुळे.

१ जानेवारी १७३९ रोजी जाँ-बाप्तिस्त शार्ल बूव्हे द लोझिये या फ्रेंच नौकानायकाला हे बेट प्रथम दिसले. तो फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीच्या दोन जहाजांसह दक्षिणेकडे निघाला होता. केप ऑफ गुड होपला वळसा घालून हिंदुस्थानाकडे येणाऱ्या जहाजांना वाटेत अन्नपाणी मिळावे, असे एखादे बंदर दक्षिणेत सापडेल ही त्याची अपेक्षा होती. आढळला तो धुक्यात अर्धवट दिसणारा, बर्फाने मढलेला काळा कडा. धुके आणि बर्फ यांमुळे त्याला ना किनाऱ्यावर उतरता आले, ना भोवती फेरी मारता आली. त्यामुळे हे बेट आहे हेच त्याला कळले नाही. दक्षिणेकडील मोठ्या खंडाचे हे टोक असावे असे त्याने मानले आणि त्या दिवसाच्या ख्रिस्ती सणावरून त्याला भूशिराचे नाव दिले.

येथे थोडे थांबावयास हवे, कारण पुढील दीडशे वर्षांचा गोंधळ एका तांत्रिक अडचणीतून निर्माण झाला. जहाजावरून अक्षांश काढणे त्या काळी अवघड नव्हते. मध्यान्हीच्या सूर्याची उंची मोजली की ते काम होई. रेखांश काढण्यासाठी मात्र मूळ ठिकाणची वेळ अचूक दाखवणारे घड्याळ जहाजावर असावे लागते, आणि हेलकावे व थंडी सोसून अचूक चालणारे सागरी घड्याळ १७३९ मध्ये नौकानायकांच्या हाती आलेले नव्हते. त्यामुळे वेग व दिशा यांच्या अंदाजाने रेखांश मांडला जाई. बूव्हेचा अक्षांश बराचसा बरोबर होता. रेखांश मात्र कित्येक अंशांनी पूर्वेकडे सरकलेला होता. ५४ अंश अक्षांशावर रेखांशाचा एक अंश म्हणजे सुमारे ६५ किलोमीटर. एवढ्या मोठ्या चुकीनंतर जेमतेम नऊ-दहा किलोमीटर लांबीचे बेट धुक्याच्या समुद्रात पुन्हा गवसणार कसे?

जेम्स कुकने आपल्या दुसऱ्या सफरीत ते दोनदा शोधले. त्याच्याजवळ उत्तम सागरी घड्याळ होते, म्हणजे स्वतःची जागा त्याला नेमकी ठाऊक होती. पण तो शोधत होता ती जागाच चुकीची होती. बूव्हेने हिमनग पाहिला असावा, असा निष्कर्ष त्याने काढला. कुकचा हा निष्कर्ष चुकीचा ठरला तरी तो अविचारी नव्हता, असे प्रस्तुत लेखकास वाटते. दिलेल्या जागी जमीन नाही आणि त्या समुद्रात बेटाएवढे हिमनग तरंगतात, या दोन्ही गोष्टी त्याने स्वतः पडताळल्या होत्या.

१८०८ मध्ये जेम्स लिंडसे या कप्तानाला बेट पुन्हा दिसले. १८२५ मध्ये सीलच्या कातड्यांच्या शोधात आलेल्या जॉर्ज नॉरिसने त्याला लिव्हरपूल बेट असे नाव देऊन ब्रिटनचा हक्क जाहीर केला. नॉरिसने ईशान्येच्या बाजूस आणखी एक बेट पाहिल्याची नोंद केली आणि त्याला थॉम्पसन बेट म्हटले. हे दुसरे बेट पुढे कोणालाच आढळले नाही, तरी नकाशांवर ते दीर्घकाळ छापले जात राहिले. एकदा नकाशावर चढलेली जमीन उतरवणे हे नवी जमीन चढवण्यापेक्षा कठीण असते, याचे हे बोलके उदाहरण म्हणता येईल. अखेर २५ नोव्हेंबर १८९८ रोजी कार्ल खून या प्राणिशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखालील जर्मन खोलसागर मोहिमेच्या ‘व्हाल्डिव्हिया’ या वाफेवर चालणाऱ्या जहाजाने बेट शोधून काढले आणि त्याचे स्थान अचूक निश्चित केले. बूव्हे, लिंडसे व नॉरिस यांनी पाहिलेले बेट एकच, हे त्यानंतर निःसंदिग्ध झाले.

४.४ घडण

बूव्हे हे समुद्रतळातून वर आलेल्या ज्वालामुखीचे माथ्याकडील टोक आहे. दक्षिण अमेरिकी, आफ्रिकी आणि अंटार्क्टिक हे तीन भूपट्ट दक्षिण अटलांटिकमध्ये जेथे एकत्र येतात, त्या संधीला या बेटावरूनच बूव्हे त्रिसंधी असे नाव मिळाले आहे. बेट या त्रिसंधीच्या नजीक, मध्यसागरी पर्वतरांगेच्या टोकाशी आहे. भूपट्ट एकमेकांपासून दूर सरतात तेथे खालचा शिलारस वर येण्यास वाट मिळते. बेटाचा मुख्यतः बेसॉल्टचा खडक त्यातूनच घडला.

बेटाच्या मध्यभागी सुमारे साडेतीन किलोमीटर रुंदीचे एक विशाल कुंड आहे. अशा कुंडाला कॅल्डेरा म्हणतात. ज्वालामुखीच्या पोटातील शिलारस निघून गेल्यावर त्याचे छत खाली खचते आणि साध्या ज्वालामुखापेक्षा पुष्कळ मोठी बशी तयार होते. बूव्हेची ही बशी बर्फाने भरलेली असून वायव्येच्या बाजूने तिची कड फुटलेली आहे. कुंडाच्या कडेवर ओलाव्हटोपेन हे ७८० मीटर उंचीचे सर्वोच्च शिखर आहे. १९७८-७९ च्या नॉर्वेजियन मोहिमेला बेटावर काही ठिकाणी जमीन उबदार आढळली; म्हणजे हा ज्वालामुखी पूर्णपणे थंड झालेला नाही. वर बर्फ आणि खाली ऊब, असे हे बेट आहे.

पूर्वेकडील उतारांवरून हिमनद्या सावकाश समुद्राकडे उतरतात आणि किनाऱ्याशी उभ्या हिमभिंतींच्या रूपाने तुटतात. उत्तर व पश्चिम बाजूंना शेकडो मीटर उंचीचे सरळ कडे आहेत. कड्यांच्या पायथ्याशी काळ्या ज्वालामुखी वाळूच्या अरुंद पट्ट्या आहेत, पण लाटांचा मारा असा की बोट लावणे बहुतेक दिवशी अशक्य. आज तेथे जाणारे संशोधक बहुधा हेलिकॉप्टरने उतरतात.

आपली प्रगती तपासा : बूव्हेने नोंदवलेल्या अक्षांशापेक्षा रेखांशात मोठी चूक का झाली असावी? पाच-सहा वाक्यांत लिहा. ‘त्या काळी साधने अपुरी होती’ एवढे उत्तर पुरेसे नाही. कोणते साधन आणि कशासाठी, हे सांगावे.

४.५ एकाच अक्षांशावरील चार ठिकाणे

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पृथ्वीगोलावर ५४-५५ अंशांचे अक्षवृत्त घ्यावे आणि त्यावरील चार ठिकाणे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत.

उत्तर गोलार्धात याच अंतरावर उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट आहे. हे मोठे शहर आणि बंदर. हिवाळ्यातही तेथील कुरणे हिरवी असतात. अटलांटिकमधून ईशान्येकडे वाहणारे उबदार पाणी व त्यावरून येणारे पश्चिमी वारे यांची ही कृपा, हे आपण प्रवाहांच्या अभ्यासात पाहिलेच आहे. दक्षिण गोलार्धात अर्जेंटिनाचे उशुआया हे शहर ५४° ४८′ दक्षिणेला, म्हणजे बूव्हेपेक्षाही किंचित दक्षिणेला आहे. वरच्या डोंगरांत लहान हिमनद्या आहेत. पण शहराभोवती दाट जंगल आहे आणि हजारो लोक तेथे बारमाही राहतात. तिसरे ठिकाण ऑस्ट्रेलियाच्या अखत्यारीतील मॅक्वारी बेट, ५४° ३०′ दक्षिण. तेही बूव्हेसारखेच महासागरातील एकटे बेट, तसेच वादळी, तसेच ढगाळ. तेथे झाडे नाहीत. मात्र उंच दाट गवताने उतार हिरवेगार असतात आणि हिमनदी एकही नाही. चौथे बूव्हे, बर्फाखाली दडलेले.

बेलफास्टची तुलना सोपी आहे, पण ती फारसे शिकवत नाही. दोन गोलार्धांत जमीन व पाणी यांची वाटणीच निराळी आहे. उशुआयाला पर्वतांचा आणि खंडाचा आधार आहे. खरी तुलना मॅक्वारीशीच करावयास हवी, कारण अक्षांश, आकाराचा लहानपणा, वारे, समुद्र हे सारे घटक दोन्हीकडे जवळजवळ सारखे आहेत. मॅक्वारीचे वार्षिक सरासरी तापमान सुमारे ५ अंश सेल्सिअस, तर बूव्हेचे सुमारे उणे १ अंश. सहा अंशांचा हा फरक आला कोठून?

त्याचे उत्तर समुद्रात आहे. अंटार्क्टिकाभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे एक प्रचंड प्रवाह अखंड फिरत असतो. त्याच्या वाटेत कोठेही सलग भूमी आडवी येत नसल्याने तो पृथ्वीला पूर्ण प्रदक्षिणा घालतो. या फिरत्या पाण्यात एक असा पट्टा आहे की जेथे दक्षिणेकडून येणारे अतिशीत पाणी उत्तरेकडील तुलनेने उबदार पाण्याला भिडते आणि त्याच्याखाली बुडी मारते. याला अंटार्क्टिक अभिसरण पट्टा म्हणतात. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणारे जहाज हा पट्टा ओलांडते तेव्हा तीस-चाळीस किलोमीटरच्या अंतरात समुद्रपृष्ठाचे तापमान दोन-तीन अंशांनी उतरते. हवा बदलते, धुके वाढते, पक्ष्यांच्या जातीही बदलू लागतात. पाण्यावर रेघ काढता येत नाही, असे आपण म्हणतो; येथे समुद्राने ती स्वतःच काढलेली आहे.

आणि ही रेघ अक्षवृत्ताला समांतर नाही. अटलांटिकच्या बूव्हेकडील भागात ती उत्तरेकडे सुमारे ५० अंशांपर्यंत वर येते. पॅसिफिकच्या बाजूला ती बरीच दक्षिणेकडे उतरते. परिणामी मॅक्वारी तिच्या उत्तरेला राहते आणि बूव्हे दक्षिणेला, थंड पाण्याच्या घेऱ्यात सापडते. हिवाळ्यात वेडेल समुद्राच्या बाजूने पसरणाऱ्या समुद्रबर्फाची कड बूव्हेच्या आसपास येऊन पोहोचते. उन्हाळ्यातल्या सर्वांत उबदार महिन्यातही तेथील सरासरी तापमान शून्याच्या वर जेमतेम अंशभर चढते आणि सर्वांत थंड महिन्यात ते उणे ३ अंशांच्या आसपास असते.

या आकड्यांकडे नीट पाहिले तर एक अनपेक्षित गोष्ट ध्यानात येते. उणे ३ अंश ही काही भयंकर थंडी नव्हे; हिमालयातील अनेक वस्त्यांतून माणसे याहून कितीतरी अधिक थंडी सोसून हिवाळा काढतात. बूव्हेला ध्रुवीय बनवतो तो हिवाळ्याचा कडाका नसून उन्हाळ्याचा अभाव. वर्षभर पडणारा हिम वितळवण्याएवढी ऊब कोणत्याच महिन्यात मिळत नाही. त्यात आकाश बहुतेक वेळ ढगांनी भरलेले, म्हणजे उन्हाचा हातभारही थोडा. हिम साचत जातो, दाबाने त्याचा बर्फ होतो आणि तो बर्फ वितळण्याऐवजी समुद्रात तुटून पडतो. हवामानशास्त्रात सर्वांत उबदार महिन्याचे सरासरी तापमान १० अंशांपेक्षा कमी असलेल्या प्रदेशास ध्रुवीय हवामानाचा प्रदेश म्हणतात, त्यामागेही हाच विचार आहे. मात्र त्या कसोटीवर मॅक्वारीसुद्धा ध्रुवीयच ठरते. तेव्हा या दोन बेटांतील भेद स्पष्ट करण्यास तापमानाची ती एक मर्यादा अपुरी पडते. अभिसरण पट्ट्याचाच आधार घ्यावा लागतो.

४.६ न्यूरॉयसा : आपल्या डोळ्यांदेखत जन्मलेली जमीन

१९५५ च्या आरंभी दक्षिण आफ्रिकेचे ‘ट्रान्सव्हाल’ हे जहाज बूव्हेला आले होते. वादळे पश्चिमेकडून येत असल्याने तेथे हवामान केंद्र उभारता आले तर दक्षिण आफ्रिकेस त्याचा मोठा उपयोग झाला असता. त्यासाठी हवी होती एखादी सपाट जागा. ती आढळली नाही. पुढे १ जानेवारी १९५८ रोजी ‘वेस्टविंड’ हे अमेरिकी बर्फफोडे जहाज तेथे गेले, तेव्हा वायव्य किनाऱ्यावर सुमारे दोन किलोमीटर लांब व अर्धा किलोमीटर रुंद असा सखल मंच पसरलेला होता. मधल्या काळात वरचा कडा कोसळून ही जमीन तयार झाली होती. प्रथम उद्रेकामुळे ती बनली असावी अशी शंका घेतली गेली. पण ती दरडच होती. नॉर्वेजियन भाषेत तिला ‘न्यूरॉयसा’, म्हणजे दगडांची नवी रास, असे नाव मिळाले.

ज्या बेटावर बर्फाविना असलेली जमीन जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटर, तेथे एवढी सपाटी मिळणे ही मोठीच भर होती. सील आणि पेंग्विन यांनी तिचा ताबा अल्पावधीतच घेतला. माणसांनीही घेतला; १९९६ मध्ये नॉर्वेने तेथे छोटे संशोधन केंद्र बसवले. पण दरडीने दिलेली जमीन मुळात सैल दगडगोट्यांची. लाटा तिची कड सतत कुरतडत असतात. २००६ मध्ये झालेल्या भूकंपाने केंद्राचा पाया खिळखिळा झाला आणि त्यानंतरच्या हिवाळी वादळाने ते समुद्रात ओढून नेले. ते पाहण्यास तेथे कोणी नव्हते. केंद्र जागेवर नाही हे उपग्रहाच्या चित्रांवरून कळले. २०१४ मध्ये नवे केंद्र बांधण्यात आले, तेही काही महिन्यांच्या मोसमी मुक्कामापुरते.

४.७ निर्जन आणि निर्जीव

मराठीत आपण ‘निर्जन’ व ‘ओसाड’ हे शब्द अनेकदा एकमेकांच्या जागी वापरतो. बूव्हेचे वर्णन करताना हा सैलपणा टाळावा. बेट निर्जन आहे. ओसाड म्हणणे मात्र अर्धसत्य ठरेल. सपुष्प वनस्पती नाहीत हे खरे, पण उघड्या खडकांवर शेवाळी आणि शैवाक यांच्या जाती आहेत. शैवाक म्हणजे कवक व शैवाल यांचे सहजीवन. ते आपल्या परिचयाचे नाही असे वाटेल, परंतु गोड्या मसाल्यात घातले जाणारे दगडफूल हे शैवाकच होय. मॅकरोनी व चिनस्ट्रॅप या जातींचे पेंग्विन तेथे पिले वाढवतात. केसाळ सीलही मोठ्या संख्येने प्रजनन करतात. अभिसरण पट्ट्याच्या दक्षिणेकडील थंड समुद्र अन्नद्रव्यांनी समृद्ध असतो. जे पाणी जमिनीवर गवत उगवू देत नाही, तेच कोळंबीसदृश क्रिलचे थवे पोसते, आणि पेंग्विन व सील यांचा चरितार्थ त्या थव्यांवर चालतो. बूव्हेवर अन्न जमिनीतून येत नाही; ते समुद्रातून किनाऱ्यावर येते.

४.८ कायद्याची रेघ

१ डिसेंबर १९२७ रोजी ‘नॉर्वेजिया’ मोहिमेतील लोक बेटावर उतरले आणि त्यांनी नॉर्वेचा ध्वज लावला. ब्रिटनने पुढे आपला दावा सोडला, १९३० च्या कायद्याने बेट नॉर्वेचा आश्रित प्रदेश झाले आणि १९७१ पासून ते संरक्षित निसर्गक्षेत्र आहे. येथे ‘ध्रुवीय’ या शब्दाची आणखी एक कसोटी समोर येते. अंटार्क्टिक करार ६० अंश दक्षिणेच्या पलीकडील प्रदेशास लागू आहे. त्या रेषेच्या उत्तरेस असल्याने बूव्हे या कराराच्या कक्षेत येत नाही. त्याच्या रक्षणाची जबाबदारी एकट्या नॉर्वेवर आहे. समुद्राच्या दृष्टीने जे बेट अंटार्क्टिकाचे आहे, ते कायद्याच्या दृष्टीने नाही. पेंग्विन अर्थातच ही रेघ मानत नाहीत. बेटावरील पक्षी व सील ज्या समुद्रात अन्न शोधतात, त्या समुद्रातील मासेमारीसाठी म्हणूनच निराळा आंतरराष्ट्रीय करार करावा लागला आणि त्याची हद्द अंशांच्या सरळ रेषेऐवजी साधारणपणे अभिसरण पट्ट्याला अनुसरून आखण्यात आली. दोन्ही करारांत भारत सहभागी आहे. गोव्यात वास्को येथे असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय संशोधन केंद्राच्या देखरेखीखालील ‘मैत्री’ हे भारतीय केंद्र क्वीन मॉड लँडमध्येच, म्हणजे बूव्हेच्या जवळपास सरळ दक्षिणेला आहे.

४.९ स्वाध्याय

१. पृथ्वीगोलावर बूव्हे आणि मॅक्वारी ही बेटे शोधा. दोन्हींचे अक्षांश जवळजवळ समान असताना एक बर्फाच्छादित आणि दुसरे हिरवे का, ते अभिसरण पट्ट्याची ढोबळ आकृती काढून स्पष्ट करा.

२. ‘बूव्हेला ध्रुवीय बनवतो तो उन्हाळ्याचा अभाव’ या विधानाची चर्चा करा. विधान आपणांस अपुरे वाटत असल्यास तसे कारणांसह लिहावे.

३. थॉम्पसन बेट नकाशावर दीर्घकाळ टिकून राहिले आणि न्यूरॉयसा मात्र अचानक नकाशावर आली. या दोन उदाहरणांच्या आधारे नकाशाच्या विश्वसनीयतेवर २०० शब्दांत टिपण लिहा.

४. आपल्या परिसरातील अशी एखादी जागा निवडा की जेथे मनुष्यवस्ती नाही. तिचे वर्णन ‘निर्जन’, ‘ओसाड’, ‘वैराण’ हे तिन्ही शब्द टाळून, केवळ तेथे असलेल्या गोष्टींच्या आधारे करा.